प्रोटीन स्किमरसाठी हवा आणि पाण्याचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्री माशांच्या टँकमधला मळ बुडबुड्यांच्या फेसातून काढणारं उपकरण म्हणजे प्रोटीन स्किमर. तो स्वतः बनवायला घेणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'किती लिटरचा पंप लावू?' असा असतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हवेचा. तासाला किती लिटर हवा, किती बारीक बुडबुड्यांच्या रूपात आणि किती रुंद बॉडीतून (बुडबुडे जिथून चढतात ती उभी नळी) वर चढणार, हे ठरलं की पाण्याचा आकडा त्याच्या मागून येतो. खालची उत्तरं याच क्रमाने लिहिली आहेत. गणित गुणाकार-भागाकाराच्या फार पुढे जात नाही. कॅल्क्युलेटर आणि फूटपट्टी जवळ असू द्या.

स्किमर नेमकं काय काढतो? पाणी गाळतो का?

गाळत नाही. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, शेवाळ आणि प्रवाळांचा स्राव यांतून पाण्यात जे सेंद्रिय रेणू येतात, त्यांतल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं असतं आणि दुसरं पाण्यापासून दूर पळणारं. अशा रेणूंना हवा आणि पाणी जिथे भेटतात ती सीमा सोयीची पडते. बुडबुड्याचा पृष्ठभाग म्हणजे हीच सीमा. रेणू तिथे चिकटतात, बुडबुडा वर जातो, वर फेस साचतो, फेसातलं पाणी निथळून खाली येतं आणि उरलेला दाट मळ वर बसवलेल्या कपात पडतो.

म्हणून सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एकच राशी आहे : दर मिनिटाला हवा-पाण्याचा किती पृष्ठभाग तयार होतो.

मग हा पृष्ठभाग मोजायचा कसा?

गोलाचा पृष्ठभाग भागिले त्याचं घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. यावरून एक लिटर हवा १ मिमी व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर ६ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, ०.८ मिमीच्या बुडबुड्यांत ७.५ चौरस मीटर आणि ०.५ मिमीच्या बुडबुड्यांत १२ चौरस मीटर.

हवा तितकीच, पण बुडबुडा निम्म्या आकाराचा झाला की पृष्ठभाग दुप्पट. तासाला ६०० लिटर हवा ओढणारा पंप ०.८ मिमीचे बुडबुडे देत असेल, तर मिनिटाच्या १० लिटर हवेतून ७५ चौरस मीटर नवा पृष्ठभाग तयार होतो. तीच हवा २ मिमीच्या ढोबळ बुडबुड्यांतून आली तर जेमतेम ३० चौरस मीटर. पंपाच्या खोक्यावरचा हवेचा आकडा बुडबुड्याच्या आकाराशिवाय निम्मीच माहिती देतो, ती याचमुळे.

बुडबुडे जितके बारीक तितकं चांगलं, असंच ना?

एका मर्यादेपर्यंत. बुडबुडा लहान झाला की तो हळू चढतो. समुद्राच्या पाण्यात, सेंद्रिय मळ चिकटलेल्या स्थितीत, १ मिमीचा बुडबुडा सेकंदाला साधारण ११ सेंमी चढतो, ०.८ मिमीचा सुमारे ९ सेंमी, ०.५ मिमीचा साडेपाच सेंमी. ०.२ मिमीवर हा वेग दोन सेंमीच्याही खाली येतो आणि ०.१ मिमीचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम अर्धा सेंमी वर सरकतो.

स्किमरमधलं पाणी खाली जात असतं. त्याचा वेग बुडबुड्याच्या चढण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की बुडबुडा हरतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडून टँकमध्ये येतो. काचेसमोर दिसणारं धूसर पांढरं धुकं ते हेच. दीड-दोन मिमीच्या वरचे बुडबुडे पृष्ठभाग कमी देतात आणि वर जाताना फेसही फोडतात. कामाचा पट्टा म्हणजे साधारण ०.५ ते १ मिमी.

बॉडीचा व्यास कसा ठरवायचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

आधी एकक बदलून घ्या. तासाला लिटर या आकड्याला ३.६ ने भागलं की सेकंदाला घनसेंमी मिळतात. बॉडीच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ म्हणजे आतला व्यास × आतला व्यास × ०.७८५. आता हवेचा प्रवाह या क्षेत्रफळाने भागा. येईल तो हवेचा वेग, सेकंदाला सेंमीमध्ये. हा पूर्ण छेदावर वाटून काढलेला वेग आहे, बुडबुड्याच्या चढण्याचा नव्हे. बारीक बुडबुड्यांच्या स्किमरसाठी हा वेग १ च्या आसपास ठेवून मी आखणी सुरू करतो.

तासाला ६०० लिटर हवा म्हणजे सेकंदाला १६७ घनसेंमी. वेग १ हवा असेल तर क्षेत्रफळ १६७ चौरस सेंमी लागेल, म्हणजे व्यास १४.६ सेंमी. आतून १५ सेंमीची नळी घेतली तर क्षेत्रफळ १७७ चौरस सेंमी होतं आणि हवेचा वेग ०.९४ येतो. चालेल.

तीच हवा १० सेंमीच्या नळीत कोंबली तर क्षेत्रफळ ७८.५ आणि वेग २.१ सेंमी. आत नुसती खळबळ दिसेल. बुडबुडे एकमेकांवर आदळून मोठे होतील आणि फेस वर उभाच राहणार नाही. लोक अशा वेळी पंपाला दोष देतात, पण पंप ठीक असतो, नळी अरुंद असते.

लक्षात ठेवा, व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं. त्यामुळे १५ वरून २० सेंमीवर गेलात तर हवेची जागा पावणेदोन पटीहून जास्त वाढते.

हवेचा वेग १ च का? दीड किंवा दोन का नाही?

कारण त्या वेगावरून पाण्यातला हवेचा वाटा ठरतो. बुडबुड्यांच्या गर्दीत प्रत्येक बुडबुडा एकटा असताना चढतो त्यापेक्षा जरा हळू चढतो. ०.८ मिमीच्या आसपासच्या बुडबुड्यांसाठी पाण्याच्या तुलनेत सेकंदाला ८ सेंमी धरलं तरी हिशेबाला पुरतं. पाणी स्थिर असेल तर हवेचा वाटा = हवेचा वेग ÷ ८. म्हणजे ०.९४ ÷ ८, सुमारे १२ टक्के. पाणी उलट दिशेने खाली येत असेल तर बुडबुडे जास्त वेळ रेंगाळतात आणि हा वाटा आणखी वाढतो.

१० ते १५ टक्के हवा असताना बॉडी दुधासारखी पांढरी आणि शांत दिसते. २०-२५ टक्क्यांच्या पुढे बुडबुड्यांना एकमेकांपासून दूर राहायला जागा उरत नाही. ते जुळतात, मोठे होतात, झपाट्याने वर सुटतात आणि सोबत पाणीही उसळवतात. मग हवा वाढवूनही पृष्ठभाग वाढत नाही. १ हा आकडा या उंबरठ्यापासून सुरक्षित अंतर ठेवतो.

आता पाण्याचा प्रवाह. टँकच्या किती पट?

४०० लिटर पाण्याचा रीफ टँक (प्रवाळांचा समुद्री टँक), संप म्हणजे त्याला जोडलेली वेगळी टाकी धरून, असं उदाहरण घेऊ. स्किमरमधून तासाला ४०० लिटर पाणी सोडलं, तर तासाभरात सगळं पाणी एकदा स्किमरमधून गेलं असं वाटतं. तसं होत नाही. स्वच्छ होऊन आलेलं पाणी उरलेल्या पाण्यात मिसळतं आणि त्यातलं काही पुन्हा स्किमरमध्ये येतं. एका फेरीइतका वेळ झाला तरी सुमारे ३७ टक्के पाणी स्किमरमध्ये एकदाही गेलेलं नसतं. तीन फेऱ्यांनंतर हे प्रमाण ५ टक्क्यांवर येतं.

शिवाय स्किमर एका खेपेत सगळा मळ काढत नाही. समजा आत आलेल्या, फेसात येऊ शकणाऱ्या मळाचा ३० टक्के भाग तो एका खेपेत काढतो. तर ९० टक्के काढायला (त्यासाठीचा गुणक २.३) २.३ ÷ ०.३, म्हणजे साधारण ७.७ फेऱ्या लागतील. तासाला एक फेरी असेल तर पावणेआठ तास. खाद्य दिवसातून एक-दोनदा पडतं, त्या मानाने हा वेग पुरेसा आहे.

मग पाणी तिप्पट सोडलं तर तिप्पट लवकर होईल ना?

नाही, आणि या पानावरची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे. पाणी तिप्पट केलं की ते आत तिसरा हिस्सा वेळ थांबतं. बुडबुड्यांचा पृष्ठभाग तेवढाच राहतो, पण तो तिप्पट पाण्यात वाटला जातो. एका खेपेतली कार्यक्षमता ३० टक्क्यांवरून घसरते, आणि जिथे पृष्ठभागच अपुरा पडत असेल तिथे थेट १० टक्क्यांपर्यंतही येऊ शकते. १२०० चे १० टक्के आणि ४०० चे ३० टक्के सारखेच.

टँकमध्ये मळ किती साचून राहणार हे 'कार्यक्षमता × पाण्याचा प्रवाह' या गुणाकारावर ठरतं, आणि त्या गुणाकाराची कमाल मर्यादा हवेचा पृष्ठभाग घालून देतो. पाणी अगदीच कमी असेल तर वाढवून फायदा होतो, कारण मळच आत पोचत नसतो. तासाला एक ते दीड फेरीच्या पुढे मात्र मी पाण्याऐवजी हवेवर लक्ष देतो.

या उदाहरणाचा पूर्ण हिशेब मांडून दाखवाल का?

बॉडी आतून १५ सेंमी, बुडबुड्यांच्या स्तंभाची उंची ५० सेंमी, हवा तासाला ६०० लिटर, पाणी तासाला ४०० लिटर, बुडबुडा ०.८ मिमी.

पाणी ४०० ÷ ३.६ = १११ घनसेंमी सेकंदाला. १७७ ने भागलं तर खाली जाण्याचा वेग ०.६३ सेंमी. हवेचा वेग ०.९४. उलट्या प्रवाहासाठी समीकरण असं : हवेचा वेग ÷ वाटा + पाण्याचा वेग ÷ (१ − वाटा) = ८. वाट्याच्या जागी दोन-तीन आकडे घालून पाहिले की ०.१३ जवळ उत्तर जुळतं. म्हणजे १३ टक्के हवा.

बॉडीचं घनफळ ८.८ लिटर. त्यात हवा १.१५ लिटर, पाणी ७.७ लिटर. ४०० लिटरच्या प्रवाहाने हे पाणी आत ६९ सेकंद थांबतं. कोणत्याही क्षणी पाण्याला भिडलेला पृष्ठभाग १.१५ × ७.५, म्हणजे सुमारे साडेआठ चौरस मीटर, एका छोट्या खोलीच्या फरशीइतका. एक बुडबुडा ५० सेंमी चढायला साधारण ७ सेकंद घेतो.

हाच स्किमर तासाला १००० लिटर पाण्यावर चालवला तर पाण्याचा वेग १.५७ होतो, हवेचा वाटा १५ टक्के आणि पाणी आत फक्त २७ सेकंद थांबतं. ०.२ मिमीपर्यंतचे बुडबुडे आता खाली ओढले जाऊ लागतात. ४०० लिटरवर ही मर्यादा ०.१ मिमीच्या जरा वर होती. टँकमध्ये बुडबुडे येण्याच्या तक्रारींमागे अनेकदा एवढंच कारण असतं.

उंच स्किमर चांगला की रुंद?

आधी हवेसाठी पुरेशी रुंदी, मग जमेल तेवढी उंची. उंची वाढली की पाणी आणि बुडबुडे दोघांचाही आत थांबायचा वेळ वाढतो, त्यामुळे ती वाया जात नाही. पण अरुंद नळीची चूक उंचीने भरून निघत नाही. संप कॅबिनेटमध्ये असेल तर कप वर उचलून काढायला लागणारी जागा आधी मोजा आणि त्यातून उरेल ती उंची बॉडीला द्या.

एकाच नीडल व्हील पंपाने हवा आणि पाणी दोन्ही चालतात. तिथे वेगवेगळा हिशेब कसा करायचा?

तिथे दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले असतात. पंप पाणी ओढतो, त्याच्या तोंडाशी कमी झालेल्या दाबामुळे व्हेंचुरीतून (हवा ओढून घेणाऱ्या अरुंद जोडातून) हवा येते आणि चाकावरच्या सुया ती हवा बारीक करतात. हवेची नळी चिमटलीत तर पाणी वाढतं. हवा वाढली तर पाणी कमी होतं. पंपावर छापलेला पाण्याचा आकडा हवेशिवायचा आणि उंची न चढवता मोजलेला असतो, त्यामुळे स्किमरच्या हिशेबात तो धरू नका.

हे बंधन तोडायचं असेल तर रीसर्क्युलेटिंग रचना करा. नीडल व्हील पंप बॉडीतलंच पाणी ओढून बॉडीतच परत सोडतो आणि फक्त हवा मिसळायचं काम करतो. ताजं पाणी वेगळ्या लहान पंपाने किंवा ओव्हरफ्लोच्या (टँकमधून खाली वाहून येणाऱ्या पाण्याच्या पाइपाच्या) फाट्यातून, व्हॉल्व्ह लावून येतं. हवा आणि पाणी स्वतंत्रपणे ठरवता येतात. स्वतः बनवणाऱ्याला मी हीच रचना सुचवेन, जरी भोकं दोन जास्त पाडावी लागली तरी.

प्रत्यक्षात हवा किती येते हे घरी कसं मोजायचं?

हवेचा रोटामीटर (प्रवाह दाखवणारी उभी, खुणांची नळी) असेल तर उत्तम. तो उभाच धरा आणि त्याची क्षमता अपेक्षित आकड्यापेक्षा बरीच मोठी असू द्या, नाहीतर मीटरच्याच अडथळ्याने हवा कमी होते.

मीटर नसेल तर पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घ्या. तळाला भोक पाडून स्किमरची हवेची नळी तिथे घट्ट बसवा. कॅनचं झाकण काढून त्याचं तोंड खाली करून खोल बादलीतल्या पाण्यात टेकवा. स्किमर आता कॅनमधली हवा ओढेल आणि आत पाणी चढू लागेल. खुबी अशी की हाताने कॅन हळूहळू खाली दाबत राहायचं, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी राहते. आतलं पाणी वर चढू दिलंत तर पंपाला ते उचलावं लागतं आणि आकडा कमी येतो. पाच लिटर हवा ३० सेकंदांत संपली, तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे तासाला ६००. कॅनवर आधीच लिटरच्या खुणा करून ठेवा आणि पाणी नळीत शिरायच्या आत थांबा.

पाण्याचं मोजमाप सोपं आहे. स्किमरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाखाली माप धरा आणि वेळ बघा.

नेकचा व्यास किती ठेवू?

नेक म्हणजे बॉडीच्या वरची, फेस कपात नेणारी नळी. तिचं क्षेत्रफळ बॉडीच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, असं माझं मत. १५ सेंमीच्या बॉडीवर १० सेंमीची नेक घेतली तर प्रमाण ४४ टक्के आणि हवेचा वेग २.१ सेंमी. फेसाला ३० सेंमी चढायला १४-१५ सेकंद मिळतात आणि तेवढ्या वेळात त्यातलं पाणी निथळत राहतं.

नेक ७.५ सेंमी केलीत तर वेग ३.८ होतो. फेस निथळायच्या आत कपात जातो आणि कपात फिकट चहाच्या रंगाचं पाणी साठतं. उलट मासे कमी आणि नेक फार रुंद असेल तर फेसाला कड चढण्याइतका मळच मिळत नाही, तो आतल्या आत फुटत राहतो. मोठ्या टँकसाठीचा स्किमर लहान टँकवर लावल्यावर कप कोरडा राहतो तो याच कारणाने. स्किमर निवडताना टँकच्या लिटरपेक्षा रोज किती खाद्य पडतं हे बघा.

शंकूच्या आकाराच्या बॉडीचा फायदा होतो का?

रुंद तळाशी पाणी शांत राहतं आणि बुडबुडे नेककडे कोपऱ्यात न अडखळता जातात. पण वर जाताना क्षेत्रफळ घटतं, म्हणजे हवेचा वेग वाढत जातो. हिशेब तळाचा न करता फेस सुरू होतो त्या उंचीचा करा. अ‍ॅक्रिलिकची सरळ नळी आणि तळाशी भोकांची बबल प्लेट यानेही शांत बॉडी मिळते, आणि घरी बनवायला ती कितीतरी सोपी आहे.

बॉडीतली पाण्याची पातळी कशाने नियंत्रित करायची?

बाहेर जाणाऱ्या पाइपावर गेट व्हॉल्व्हने, कारण तो हळूहळू फिरवून बारीक बदल करता येतो. बॉल व्हॉल्व्ह जरा हलला तरी पातळी दोन-तीन सेंमी उडी मारते. बाहेरचा पाइप रुंद ठेवा. तासाला १००० लिटर पाणी ३२ मिमीच्या पाइपातून जाताना सेकंदाला ३४-३५ सेंमी वेग घेतं, आणि पाइपाच्या तोंडाशी आलेला कुठलाही बुडबुडा त्या वेगापुढे टिकत नाही. संपमधली पातळीही स्थिर हवी. पाणी उडून ती पाच सेंमी खाली गेली की व्हेंचुरीची ओढ बदलते, बॉडीतली पातळी बदलते आणि फेसही बदलतो. स्किमर संपच्या अशा कप्प्यात ठेवा जिथली पातळी आडव्या भिंतीमुळे कायम राहते.

गोड्या पाण्यात हाच हिशेब चालेल का?

चालत नाही. मिठामुळे बुडबुडे एकमेकांत मिसळायला कचरतात. गोड्या पाण्यात ते चटकन जुळून मोठे होतात.

स्किमर नीट बनवला तर पाणी बदलायची गरज उरते का?

उरते. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ आणि २०१० मध्ये स्किमरच्या मोजमापांवर लेख प्रसिद्ध केले. त्यांच्या चाचण्यांत स्किमरने पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच काढला. उरलेला भाग फेसात येतच नव्हता, स्किमर कितीही वेळ चालवला तरी. वर केलेला फेऱ्यांचा हिशेब या फेसात येऊ शकणाऱ्या भागालाच लागू होतो. उरलेल्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, जिवाणू आणि पाणी बदलणं हेच मार्ग आहेत.

नवा स्किमर बसवला. सगळे आकडे बरोबर आहेत, पण फेस येत नाही. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. नव्या अ‍ॅक्रिलिकवर तेलाचा आणि चिकटवण्याच्या द्रवाचा अंश राहतो, तो फेस फोडतो. पातळ व्हिनेगरने धुऊन स्वच्छ पाण्यात खळबळा आणि काही दिवस ते दोन आठवडे वाट पाहा. पातळी मध्येच बदलत बसू नका. फ्रोझन खाद्य टाकल्यावर किंवा टँकमध्ये हात घातल्यावर काही तास फेस बसतो, तेही तेलामुळेच.

आधी चांगला चालणारा स्किमर हळूहळू मंदावला असेल तर कॅन घेऊन हवा पुन्हा मोजा. व्हेंचुरीच्या तोंडाशी मिठाचा थर जमून हवा निम्म्यावर आलेली सापडते. कोमट पाणी हवेच्या नळीतून ओढू दिलं की बहुतेक वेळा थर विरघळतो. न विरघळल्यास पंप काढून व्हिनेगरमध्ये भिजवा आणि जोडल्यावर हवा पुन्हा मोजून जुन्या आकड्याशी ताडून पाहा.